जुनी टू-स्ट्रोक मातीच्या शर्यतीत उतरवण्यापूर्वी

विदर्भातल्या गावांत टिनाच्या शेडखाली उभी राहिलेली जुनी टू-स्ट्रोक बहुधा मातीसाठी घडवलेली नसते. ती रस्त्यावरची यामाहा आरएक्स १००, राजदूत किंवा येझदी असते आणि अनावश्यक भाग उतरवून, ठोकळेदार नक्षीचे टायर चढवून तिलाच ट्रॅकवर नेले जाते. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी कोणती आहे हे ठरवावे. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर चुना-धूळ पुसून आरसी बुकाशी ताडून पाहावा, आणि अंक घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी गाडी घेऊ नये.

टाकीवरच्या नावावर मात्र विसंबू नये. भारतात आरएक्स १०० ची निर्मिती १९८५ ते १९९६ या काळात झाली. त्यानंतरच्या वर्षांत कित्येक गाड्यांना आरएक्स १३५ चा ब्लॉक (पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडर) चढला, कारण दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ५० मिलिमीटरच आहे. हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) उघडून व्हर्नियरने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये मोजावा. बोअरचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले ०.७८५ आणि भागिले १००० केले की सीसी निघतात. ५० चा बोअर असेल तर ९८, ५८ चा असेल तर १३२ सीसी येतात. मूळ ब्लॉक रिबोअर करून (आतून घासून मोठा करून) ५१ पर्यंत गेला असेल तर आकडा १०२ वर जातो, आणि १०० सीसीच्या गटात नाव नोंदवताना नेमका हाच फरक आडवा येऊ शकतो. रिबोअरची किती सूट आहे हे आयोजकांच्या नियमावलीत आधीच वाचून घ्यावे.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच आहे: क्रँककेस (पिस्टनखालची, क्रँक फिरते ती पेटी) हवाबंद आहे का ते तपासणे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, त्यामुळे तिथली लहानशी गळतीही थेट पिस्टनवर येते. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचे ऑइल सील गेले असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन विनाकारण रेस धरते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचे सील गेले असेल तर गिअर ऑइल जळते. पांढरट धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबरी बुचांनी बंद करून हातपंपाने सुमारे ६ पीएसआय दाब भरावा आणि तो ६ मिनिटे टिकतो का ते पाहावे. टिकला नाही तर जोडांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. त्याहून जास्त दाब भरू नये, नाहीतर चांगले सीलही उलटते. पोर्ट (सिलिंडरमधली मिश्रण-धुराची तोंडे) घासून ताकद वाढवण्याचा मोह हे सर्व होईपर्यंत बाजूला ठेवावा. रीडच्या (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या झडपेच्या) पात्या उजेडासमोर धरून पाहाव्यात आणि टोक तुटलेले दिसले तर पाती बदलूनच पुढे जावे.

काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी बारीक असते. एअर फिल्टरचा स्पंज फिल्टर ऑइलमध्ये भिजवून, पिळून बसवावा आणि कार्ब्युरेटरमागची रबरी नळी कुठे तडकली नाही याची बोटांनी चाचपणी करावी. तीच माती ओली झाली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च भरते, म्हणून पुढचे मडगार्ड उंच घ्यावे.

ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे ठरवले असेल तर नळी जिथे जोडलेली होती ते छिद्र न विसरता बंद करावे. एका लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल म्हणजे २५ ला १ हे प्रमाण झाले. एरंडेल-आधारित आणि खनिज तेल एकमेकांत मिसळू नये. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली आर्द्रता ओढते, जुने रबर फुगवते आणि मिश्रण पातळ करते. दुसरीकडे, मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या विरळ हवेत मिश्रण गाढे होते. त्यामुळे कोणाच्या सांगण्यावरून जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) न निवडता एक नंबर मोठ्या मेन जेटने सुरुवात करावी, पूर्ण रेसवर गाडी पळवून क्लच दाबत इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. बदामी रंग योग्य, काळा-ओला असेल तर जेट लहान करावा, पांढरा दिसला तर गाडी तिथेच थांबवावी.

बाकीचे लवकर उरकते: आरसे, दिवे, स्टँड आणि नंबर प्लेट काढणे, चेनची ढील स्वार बसवून तपासणे, लिव्हरची टोके गोल असणे आणि थ्रॉटल सोडताच आपोआप मिटणे. मनगटाला बांधायच्या दोरीचा किल-स्विच (स्वार पडताच इंजिन बंद करणारा) नियमात नसला तरी लावावा. अशी गाडी ट्रॅकवर चालवत न नेता छोट्या हत्तीत बांधून न्यावी, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ परवानगीशिवाय केलेल्या फेरफारांना मनाई करते. सोबत दोन प्लग, क्लच आणि थ्रॉटलच्या केबल, चेनचा लॉक, जेटची डबी आणि झाकणाच्या कॅनमध्ये त्याच दिवशी कालवलेले पेट्रोल असावे.