गावाहून नागपूरला बिऱ्हाड हलवताना: गाडी कशी ठरवावी, सामान कसे भरावे

आमच्या भागात घर बदलायचे म्हटले की पॅकर्सवाल्यांना कोणी बोलावत नाही. गाडी आपणच ठरवायची, बांधाबांध घरच्यांनी करायची आणि चढवायला गल्लीतली चार पोरे. यात पैसा नक्की वाचतो, पण बोलणी कच्ची राहिली तर वाचलेला सगळा तिथेच जातो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीहून नागपूरला आलो तेव्हा मी फक्त भाडे विचारले होते. पोचल्यावर टोल वेगळा, थांबल्याचे वेगळे, दुसऱ्या मजल्याचे वेगळे असे निघत गेले. अर्धे सामान गाडीत आणि अर्धे रस्त्यावर असताना माणूस काय घासाघीस करणार? दिले मुकाट्याने. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळे सविस्तर लिहितो आहे.

आधी यादी, मग गाडी

घरात फिरून फक्त मोठ्या वस्तू लिहा: आलमारी, दिवाण, फ्रिज, कूलर, शिलाई मशीन, धान्याच्या कोठ्या. दिवाण सुटा होतो का ते आत्ताच बघा. डबे-भांडी मोजत बसू नका, ती मधल्या जागेत बसतात.

छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, हिचा हौदा (मागची माल भरायची जागा) साधारण ७ फुटांचा आणि ती पाऊण टन वजन घेते. दोन खोल्यांच्या संसाराला पुरते. बोलेरो पिकअपचा हौदा ८ ते ९ फूट, वजन मॉडेलप्रमाणे सव्वा ते पावणेदोन टन. गावाकडच्या बहुतेक घरांचे काम पिकअपमध्ये होते. एकत्र कुटुंब असेल तर टाटा ४०७ किंवा १४ फुटी आयशर ट्रक बघा. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर छोट्या गाडीच्या दोन खेपा करण्यापेक्षा मोठी गाडी एकदाच नेलेली परवडते.

लोक हमखास विसरतात ते वर्षाचे धान्य. गहू, ज्वारी, तुरीची डाळ मिळून ५० किलोची दहा पोती झाली की अर्धा टन तिथेच भरला. जादा वजन सापडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. तेव्हा पोत्यांचे वजन धरूनच गाडी सांगा.

गाडी कुठे आणि कधी मिळते

सगळ्यात स्वस्त पडते ती परतीची गाडी. तालुक्याच्या किराणा दुकानांचा माल नागपूरच्या इतवारी बाजारातून येतो, आणि माल उतरवून गाडी रिकामी नागपूरला परत जाते. ओळखीच्या दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा. ड्रायव्हरला रिकामे जाण्यापेक्षा काही मिळाले तर हवेच असते. तुमची तारीख एक-दोन दिवस इकडेतिकडे होण्याची तयारी मात्र हवी.

दिवाळीनंतर कापूस निघाला की पिकअप जिनिंगकडे धावतात, तेव्हा घरसामानाला कोणी लवकर हो म्हणत नाही. मे-जूनमध्ये शाळेसाठी घर बदलणाऱ्यांची गर्दी असते. पितृपक्षात आणि अमावस्येला बिऱ्हाड कोणी हलवत नाही, म्हणून ज्यांच्या घरी हरकत नसेल त्यांना तेव्हा गाडी सहज मिळते आणि भाडेही ऐकते. पावसाळ्यात एवढेच बघा की गाडी दारापर्यंत येईल का. आपल्या काळ्या मातीत भरलेली पिकअप रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते.

पिवळ्या नंबर पाटीचीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीला भाड्याने माल नेता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो. नातेवाइकाची पिकअप घेऊन स्वतः चालवणार असाल, तर गाडी आणि माल मिळून एकूण ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधे हलक्या वाहनाचे लायसन्स चालते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

बोलणी

भाडे विचारण्याआधी डिझेलचा हिशोब स्वतः करा. आर्णी ते नागपूर यवतमाळ, देवळी, वर्धा, बुटीबोरीवरून साधारण १९० किलोमीटर, जाऊन-येऊन ३८०. भरलेली पिकअप लिटरला ११ च्या आसपास देते असे धरले तर ३५ लिटर. त्याला पंपावरच्या दराने गुणा, ड्रायव्हरची मजुरी आणि टोल मिळवा. गाडीमालकाचा खर्च कळला की त्याने सांगितलेला आकडा वाजवी आहे की नाही हे तुमचे तुम्हालाच कळते.

मग ठरलेले सगळे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि त्याच्याकडून 'हो' घ्या. असे:

'भाऊ, सोमवारी पहाटे ५ वाजता गाडी आर्णीत दारासमोर. नागपूरला दुसऱ्या मजल्यावर सामान. भाडे एवढे, टोल त्यातच. चढवायची माणसे आमची, उतरवायचे हमाल आमचे. दोन्हीकडे मिळून चार तास थांबणे भाड्यात, पुढे तासाला एवढे. आगाऊ एक हजार, बाकी उतरवल्यावर.'

यातले थांबण्याचे कलम सगळ्यात महत्त्वाचे. गाडीची खोटी झाली की ड्रायव्हर चिडतो, आणि ते बरोबरही आहे. त्याची पुढची खेप बुडते. तास आधी ठरले की कोणाचीच कुरकूर राहत नाही. नागपुरात काही रस्त्यांवर दिवसा जड वाहनांना बंदी असते, म्हणून आयशर असेल तर किती वाजता आत शिरायचे तेही विचारून घ्या.

बांधाबांध

घरातला बारदाना, गोधड्या, जुन्या साड्या, सुतळी यांतच निम्मे काम होते. ताडपत्री मात्र चांगली हवी. तुरीच्या खळ्यावरची भोके पडलेली नको.

कूलरकडे नीट लक्ष द्या, कारण नागपूरच्या ४५ अंशांत पहिल्या दुपारीच तो लागणार आहे. टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा. पंप काढून कापडात गुंडाळा. तिन्ही बाजूंच्या ताट्या (पाणी झिरपते त्या जाळ्या) काढून वेगळ्या बांधा, नाहीतर त्यातले कूस, म्हणजे भुसा-गवत, वाऱ्याने उडून गाद्यांत शिरते. पंख्याचे पाते सुतळीने जाळीला बांधा, म्हणजे धक्क्याने फिरत नाही. आता तो पत्र्याचा रिकामा डबा झाला: त्यात उशा आणि कपडे भरा.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून दार उघडे ठेवा. गाडीत तो उभाच न्यायचा. नव्या घरी तीन-चार तास थांबून मगच बटण दाबा. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घ्या. नवी जोडणी त्या कागदावर मिळते.

हौद्यात भरताना

जड ते केबिनच्या बाजूला आणि खाली. आधी धान्याची पोती आडवी, त्यांना टेकून आलमारी उभी, दार केबिनकडे. आरशाच्या बाजूला गादी. फ्रिज तिच्या शेजारी. दोरी जिथे कोपऱ्यावर येईल तिथे गोधडीची घडी ठेवा, नाहीतर रंग सोलून निघतो. मधल्या फटीत भांड्यांची पोती कोंबा. हलायला जागाच उरू देऊ नका. फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराशी, ते ठेवा जे पोचताच लागेल: झाडू, बादली, शेगडी, एक चटई. बाज वर उलटी टाकली तर तिची उंची मोजा, कारण गावातल्या गल्लीत विजेच्या सर्व्हिस वायर खाली लोंबतात.

सामानावर माणसे बसवू नका. कायद्याने मनाई आहे आणि विम्यातून काही मिळत नाही. मालाचा मालक म्हणून एकाने केबिनमध्ये बसायचे, बाकीच्यांना सकाळच्या एसटीने पुढे पाठवायचे. दागिने, सातबारा, शाळेचे दाखले त्यांच्या पिशवीत.

सामान उतरले की फाळका लावायच्या आत एकदा स्वतः हौद्यात चढा. ताडपत्रीच्या घडीत वरवंटा, कोपऱ्यात दिवाणाचे नटबोल्ट, पोत्याखाली पोरांची चप्पल असे काही ना काही राहिलेले असते. ते खाली घ्या आणि मगच उरलेले भाडे द्या.