जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा देतोय? आधी दोन होज चाचपा

हीटर नीट तापत नाही म्हटलं की अनेक जण थेट थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलून मोकळे होतात. कधी गुण येतो, कधी नुसता खर्च होतो. त्याआधी थोडा वेळ बॉनेटखाली घाला.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बघा. गरम असताना हात लावू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. नुसती बाजूची टाकी बघून भागत नाही. झाकणाचं रबर गेलं असेल, तर टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असंही होतं. हीटरचा कोअर (गरम कूलंटवर केबिनची हवा तापवणारी छोटी जाळी) बऱ्याच गाड्यांत उंचावर असतो, त्यामुळे पातळी उतरली की पहिला फटका त्यालाच.

मग इंजिन सुरू करून तापमानाचा काटा मध्यावर येऊ द्या. इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्यात शिरणारे दोन होज (रबरी नळ्या) दिसतील. पंख्याच्या पट्ट्यापासून बाही लांब ठेवून दोन्ही जपून चाचपा. निम्मं निदान इथेच होतं.

दोन्ही चटका बसेल इतके गरम असतील, तर कूलंटचं काम चोख आहे. दोष डॅशबोर्डच्या आत. गरम-थंडचा नॉब फिरवताना गरम-थंड हवा वळवणाऱ्या झडपेची केबल हलते का बघा, ती क्लिपमधून निसटते. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. ब्लोअर फक्त सर्वांत जास्त वेगावर चालत असेल तर बहुधा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेला.

दोन्ही कोमट असतील आणि हमरस्त्यावर काटा खाली उतरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. खात्री करायची असेल तर थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर तो होज बराच वेळ गार राहतो, मग झपकन तापतो. पहिल्यापासून हळूहळू तापत गेला, तर थर्मोस्टॅट बदला, आणि गॅस्केटही (सांध्यातलं सील) नवीन घाला.

एक गरम, दुसरा गार? काही गाड्यांत गरम होजवर हीटरचा व्हॉल्व्ह असतो. तो उघडतोय ना, आधी बघा. उघडत असेल तर कोअर गाळाने चोंदलाय. थंड इंजिनावर दोन्ही होज काढा, पण ओढू-पिळू नका. जुन्या कोअरच्या नळ्या नाजूक असतात; होज चिकटला असेल तर ब्लेडने उभा चिरून नवीन लावलेला परवडला. बाहेर जाणाऱ्या नळीतून बागेच्या नळीचं पाणी हलक्या दाबाने उलटं सोडा. आधी चहासारखं तांबूस पाणी येईल. नितळ येईपर्यंत आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी चालू ठेवा. दाब वाढवला तर कोअर फुटतो, आणि तो बदलायला बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा आणि हवा काढा: गाडीचं तोंड चढावर, हँडब्रेक आणि चाकाला अडण, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून मग इंजिन सुरू. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल, किंवा रेस दिल्यावरच गरम हवा येत असेल, तर आत हवा उरली आहे. हवा नीट काढूनही तेच, तर वॉटर पंपाचं पातं झिजलेलं असू शकतं. कूलंट कमी होत राहून बुडबुडे परत-परत येत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) तपासून घ्या.