पंप पाणी ओढत नसतो! पंपघरातल्या या चुका टाळा

जानेवारी आणि जुलै हे माझे सुगीचे महिने. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र याच दोन महिन्यांत द्यावं लागतं. सगळे त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. त्या निमित्ताने सहा महिने कुलपात असलेली पंपघरं उघडतात आणि आत काय काय सापडतं! लग्नाच्या खुर्च्या, गणपतीच्या मखराचे सांगाडे, एकदा तर पंपाच्या चौथऱ्यावर व्यालेली मांजर.

अशाच एका पंपघरात सेक्रेटरी म्हणाले, "अहो, मोटार कमजोर आहे. पाणीच ओढत नाही. मोठी बसवायचं कोटेशनसुद्धा आलंय." मी बटण दाबलं. मोटार झकास फिरली. प्रेशर गेजचा काटा शून्यावर, आणि अँपिअर नेहमीच्या निम्मेही नाहीत. मोटारीवर भार आला असता तर अँपिअर चढले असते. ते इतके खाली, म्हणजे मोटारीला कामच नव्हतं. पंपात पाणीच नव्हतं, ती बिचारी हवा घुसळत होती.

पंप पाणी ओढतो, ही समजूत पहिली चूक. बाकीच्या बहुतेक तिच्याच लेकी.

साडेतीनशे वर्षांहून जुनी तक्रार

१६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने एका पंपाची हकिकत घातली आहे. टाकीत पाणी भरपूर असलं की तो पंप चालायचा, पातळी उतरली की बंद पडायचा. संवादातल्या पात्राला वाटलं, यंत्र बिघडलं. त्याने कारागीर बोलावला. कारागिराने सांगितलं की दोष पंपात नाही, पाण्यात आहे; पाणी फार खाली गेलंय. अठरा हातांच्या वर, केसभरही, असा कुठलाच पंप पाणी चढवू शकत नाही. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण ग्रंथातल्या विद्वानांच्या आधी खरं निदान कारागिराने केलं.

असं का होतं, ते काही वर्षांतच टॉरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीतून दाखवलं. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि ती हवा पाण्यावर दाबून बसलेली आहे. पंप फक्त सक्शन पाइपातला, म्हणजे टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपातला दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. हवेचा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटरचा स्तंभ तोलतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून पाण्याचा स्तंभ होतो सुमारे १०.३ मीटर. त्यापुढे जगातला कुठलाही पंप सक्शनने पाणी चढवू शकत नाही, मग मोटार पाचची असो की पन्नासची. घर्षण, पाण्याची वाफ, पंपाची स्वतःची गरज वजा केली की हाती सहा-सात मीटर उरतात. महाबळेश्वरला तर हवाच विरळ, तिथे कागदावरचीच मर्यादा पावणेनऊ मीटरच्या आसपास येते.

हे ज्याला उमगलं त्याने पंपच खाली नेला. १७१२ मध्ये इंग्लंडात डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन बसलं, तेव्हा इंजिन राहिलं वर आणि पंपाचे नळ उतरले खाणीत. लांब दांड्यांनी ते मिनिटाला बारा वेळा हलायचे आणि प्रत्येक खेपेला सुमारे ४५ लिटर पाणी ४७ मीटरवरून वर यायचं. आमच्याकडे विहिरीत पाच-सहा पुरुस खाली टप्पा काढून त्यावर मोटार ठेवायचे, त्यामागचं कारणही तेच. आता सबमर्सिबल थेट पाण्यातच बसतो, ढकलायचं काम करतो, आणि सक्शनची कटकटच संपते.

तेव्हा पंप पाणी देत नसेल तर मोटारीच्या कोटेशनवर सही करण्याआधी टेप घ्या. पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर मोजा. उन्हाळ्यात, टाकी अर्धी रिकामी असताना मोजा. पावसाळ्यातलं माप इथे कामाचं नाही.

फुटव्हॉल्व्ह आणि शेणकाला

त्या सोसायटीत अंतर जेमतेम अडीच मीटर होतं, म्हणजे तिथे अडचण नव्हती. पण टाकी जमिनीखाली, पंप जमिनीवर. अशा वेळी सक्शन पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह पाणी धरून ठेवतो. तो गळका असेल तर रात्रीतून पाइप रिकामा होतो. सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाती फिरवून पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाला हवा हाताळता येत नाही. पाणी भरून दिलं तरच तो काम करतो. म्हणून वर एक प्राइमिंग टाकी असते, गळतीची भरपाई करायला. इथे तिचा वॉल्व्ह वॉचमन मामांनी बंद केला होता. का? "साहेब, सारखं पाणी जायचं त्यातून." मामांचं निरीक्षण अचूक होतं, पण इलाज उलटा. सारखं पाणी जातंय, याचा अर्थ फुटव्हॉल्व्ह गेलाय.

माझ्या लहानपणी आमचे आप्पा विहिरीवरच्या पंपाच्या नरसाळ्यात शेणकाला ओतायचे. शेणातला चोथा फुटव्हॉल्व्हच्या चामड्याच्या फटीत अडकतो, तासाभरासाठी गळती थांबते, मोटार पाणी धरते. शेतावर ही युक्ती चालते, मीही केली आहे. आगीच्या पंपात मात्र असलं काही ओतू नका. तिथला पंप फार थोडा वेळ चालणार, आणि तो चोथा साचून नेमका स्प्रिंकलरच्या तोंडाशी बसणार.

फुटव्हॉल्व्ह शाबूत असूनही पंपाने धरलेलं पाणी सुटत असेल तर सक्शनच्या बाजूला हवा शिरते आहे. इथे गळती दिसत नाही, हीच पंचाईत. डिलिव्हरीच्या बाजूला भोक पडलं तर पाणी बाहेर येतं; सक्शनला भोक पडलं तर हवा आत जाते, बाहेर टिपूस नाही. पंप चालू असताना फ्लँजच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला गेला की चोर सापडला. दुसरी गोष्ट पाइपाच्या चढाची. सक्शनचा आडवा पाइप पंपाकडे सतत किंचित चढता हवा, मध्ये उंटाची पाठ नको. तिथे हवा साचते. पंपाच्या तोंडाशी पाइप लहान होतो, तिथला रिड्यूसर सपाट बाजू वर करून बसवावा. मी पाहिलेल्यांत बरेच उलटे बसवलेले असतात, कारण तसा तो दिसायला बरा दिसतो.

आणि पंपात खडी फिरल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग बदलायला धावू नका. जाळीत पिशवी अडकली असेल किंवा सक्शनचा वॉल्व्ह अर्धवट उघडा असेल, तर दाब इतका उतरतो की थंड पाणीसुद्धा उकळतं, आणि ते बुडबुडे पुढे फुटताना धातू खातात. १८९० च्या दशकात इंग्लंडात पार्सन्सच्या 'टर्बिनिया' बोटीचे पंखे याच कारणाने वेग देईनात. असा इंपेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, हातात घेऊन पाहा. वाळवी लागलेल्या चौकटीसारखा दिसतो.

जॉकी पंप सारखा सुरू-बंद होतो

यंत्रणेतला दाब किरकोळ गळतीने उतरला की छोटा जॉकी पंप तो भरून काढतो. तासात एखाद्या वेळी सुरू झाला तर ठीक. दर मिनिटाला 'खट' सुरू, 'खट' बंद होत असेल, तर लोक प्रेशर स्विच बदलतात. आधी एअर व्हेसल, म्हणजे पाइपाला जोडलेलं हवेचं भांडं बघा.

या भांड्याची गोष्ट जुनी आहे. साधा हातपंप पाणी हिसक्याहिसक्याने देतो. लंडनचा रिचर्ड न्यूशॅम हा मूळचा बटणं बनवणारा. त्याने १७२१ मध्ये पेटंट घेतलेल्या आगीच्या बंबात दोन नळकांडी होती आणि हवेचं एक भांडं. दट्ट्या पाणी त्या भांड्यात कोंबायचा, वरची हवा दबायची, आणि दोन दाबांमधल्या वेळात तीच हवा पाणी पुढे ढकलत राहायची. धार अखंड. तुमच्या पंपघरातलं लाल भांडं हे त्याच बंबाचं नातवंड. पण हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाते, भांडं पाण्याने भरतं, आणि मग दबायला काही उरत नाही. पाणी दाबलं जात नसल्याने थेंबभर गळतीनेही काटा धाडकन खाली येतो. तेव्हा व्हेसल वेगळं करून, रिकामं करून पुन्हा हवा भरा. अर्ध्या तासाचं काम.

पंप फिरतो, पाणीही येतं, पण दाब चढत नाही

केबलचं किंवा पॅनेलचं काम झाल्यानंतर असं झालं तर दोन फेज उलटसुलट झाल्या असण्याची शंका घ्या. तीन फेजची मोटार मग उलटी फिरते. गंमत अशी की सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरूनही थोडंफार पाणी देतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पात्यांची वक्रता किती मोलाची आहे ते १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात दिसलं होतं: ॲपॉल्डच्या वक्र पात्यांच्या पंपाची कार्यक्षमता ६८ टक्के भरली, सरळ पात्यांची २४. पंपावर बाण असतो. मोटार क्षणभर चालवून बंद करा आणि कपलिंग कुठल्या बाजूने फिरतं ते बाणाशी ताडून पाहा.

ग्लँड म्हणजे शाफ्ट पंपात शिरतो तिथलं दोरीचं आवळण. त्याबद्दल एवढंच, की तिथून थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. त्यानेच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. फरशी ओली होते म्हणून पान्याने आवळलेल्या ग्लँडने शाफ्टवरच्या कितीतरी स्लीव्ह खाल्ल्यात.

ऑटोवर आहे ना?

पॅनेलचा नॉब 'मॅन्युअल'वर ठेवून माणूस निघून गेलेला, ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. त्याखालोखाल डिझेल पंपाची मेलेली बॅटरी. आग लागली की वीज तोडतात, आणि उरतो तो डिझेल पंपच. आठवड्यातून एकदा तो खरोखर चालवा, नुसता स्टार्टर फिरवून सोडू नका.

१४ एप्रिलला देशभर अग्निशमन सप्ताह सुरू होतो. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचे स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्या आठवड्यात सोसायट्यांमध्ये पाइपांना ताजा लाल रंग लागतो. रंगाला माझी हरकत नाही, पण रंगाऱ्याने हायड्रंटचे स्पिंडलही रंगवून जाम केलेले असतात.

शेवटची चाचणी तळमजल्यावर घेऊ नका. तिथे कुठलाही पंप बरा दिसतो. दर दहा मीटर चढाईला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब खर्च होतो, तेव्हा गच्चीवरचं हायड्रंट उघडा आणि तिथे गेज लावा. त्या सोसायटीत नवा फुटव्हॉल्व्ह बसवून, प्राइमिंगचा वॉल्व्ह उघडून आम्ही तेच केलं. गेजवर साडेतीन किलो दिसले. नॉझल मी सेक्रेटरींच्या हातात दिलं आणि म्हटलं, घट्ट धरा. त्यांनी एका हाताने धरलं. पुढच्याच क्षणी मी आणि मामा मिळून त्यांना मागून धरून उभे होतो, आणि शेजारच्या इमारतीतल्या काकू वाळत घातलेले कपडे काढायला धावत होत्या.