एचडी-बीएनसी क्रिंप करताना

कोल्हापुरात खासबागेतल्या कुस्तीचं थेट प्रक्षेपण असो की शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच, व्हिडिओ राउटरमागच्या (सिग्नल वाटणाऱ्या पेटीमागच्या) केबलींच्या दाटीत खराब क्रिंप, म्हणजे केबलवर नीट दाबून न बसवलेला कनेक्टर, शोधणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून एचडी-बीएनसीचं, म्हणजे व्हिडिओ केबलच्या या छोट्या कनेक्टरचं, टोक आधीच नीट करा.

केबल आणि कनेक्टर दोन्ही ७५ ओहमचे, डाय (क्रिंप टूलचा साचा) त्याच केबलची. फेरूल (दाबून बसवायची धातूची नळी) आधी केबलवर सरकवा. विसरलात की कापून पुन्हा पहिल्यापासून. सोलायची मापं कनेक्टरच्या कागदावरचीच घ्या, अंदाजपंचे नको. केबलच्या बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या पिनला टेकला तरी शॉर्ट.

दुसरं टोक मोकळं ठेवून मल्टिमीटर लावा. पिन आणि बॉडीत बीप येता कामा नये. पण मीटर पास म्हणजे १२जी (सेकंदाला १२ गिगाबिटचा व्हिडिओ सिग्नल) पास नव्हे. कलरबार (रंगपट्ट्यांचा चाचणी सिग्नल) सोडून दहा मिनिटं सीआरसी एरर (सिग्नलमधल्या चुकांची मोजणी) बघा, आकडा शून्यावरच राहिला पाहिजे. एसडीआय (केबलवरून जाणारा डिजिटल व्हिडिओ) हळूहळू बिघडत नाही: आधी ठिपके, मग थेट काळा पडदा.

डीआयएन १.०/२.३ हा दुसरा छोटा कनेक्टर आकारानं जवळचा, पण तो सरळ ढकलून बसतो. एचडी-बीएनसी ढकलून पिळायचा. एकमेकांत कोंबू नका. काढताना केबल ओढू नका, लांब दांड्याचं टूल वापरा. आणि आखाड्याजवळ टोपणं घालाच, तांबडी माती कुठंही शिरते.