शेपटीला चाक असलेल्या जुन्या विमानाची पूर्वपीठिका कशी तपासावी

अमेरिकेत पायपर जे-३ कब (१९३८ ते १९४७) किंवा सेस्ना १४० (१९४६ ते १९५१) यांसारखे विमान घेऊ पाहणारे बहुतेक जण त्यावर रंगवलेला एन-क्रमांक (‘N’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक) एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाच्या, संकेतस्थळावर टाकतात आणि मालकाचे नाव जुळले की निश्चिंत होतात. एवढ्यावर विसंबू नये. मालकाला हा क्रमांक बदलून घेता येतो आणि रद्द झालेला क्रमांक पुढे दुसऱ्याच विमानाला मिळू शकतो. म्हणून शोधाचा पाया उत्पादकाने दिलेला अनुक्रमांक हाच असावा. तो विमानावरील धातूच्या पाटीवर स्वतः वाचावा आणि नोंदणीतील अनुक्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. २०२३ पासून ती ७ वर्षांची आहे.

त्यानंतर ओक्लाहोमा सिटी येथील एफएएच्या नोंदणी कार्यालयातून त्या विमानाची संपूर्ण फाइल मागवावी. शुल्क किरकोळ असते. तिच्या पहिल्या भागात विक्रीखते आणि कर्जाचा बोजा यांची कागदपत्रे असतात. मधले एखादे विक्रीखत गहाळ असेल किंवा जुना बोजा उतरवल्याची नोंद नसेल, तर पैसे देण्यापूर्वी त्याचा निकाल लावून घ्यावा.

दुसरा भाग उड्डाणयोग्यतेचा असून खरा इतिहास त्यातील फॉर्म ३३७ मध्ये सापडतो, कारण मोठी दुरुस्ती वा मोठा बदल याच फॉर्मवर नोंदवला जातो. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे जमिनीवर दिशा सुटली की शेपूट पुढे येऊ पाहते आणि विमान गर्रकन फिरते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. विमान डावीकडे वळले तर उजवा पंख खाली झुकून त्याचे टोक जमिनीला घासते आणि उजव्या चाकाच्या पायावर आडवा ताण येतो. त्यामुळे एकाच फॉर्मवर उजव्या पंखाचा स्पार (पंखाच्या आतली मुख्य तुळई), एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) आणि चाकाचा आधारभाग या तिन्हींची दुरुस्ती दिसली, तर अपघाताचा शब्दही नसला तरी काय घडले असावे याचा अंदाज येतो.

एनटीएसबी या अमेरिकेतील अपघात-तपास संस्थेच्या अपघात-नोंदींत १९६२ पासूनची माहिती शोधता येते. त्यात विमानाचे आधीचे सर्व एन-क्रमांकही घालून पाहावेत. मात्र तेथे काही न सापडणे हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. कोणी मृत वा गंभीर जखमी झाले नसेल, तर ती घटना अपघात ठरण्यासाठी विमानाचे ‘भरीव नुकसान’ व्हावे लागते, आणि नियमानुसार चाके, टायर, चाकांचे पाय, फ्लॅप, पंखांची टोके किंवा जमिनीला लागून वाकलेला इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) यांचे नुकसान भरीव धरले जात नाही. ग्राउंड लूपमध्ये नेमके यांतलेच भाग मोडतात, त्यामुळे अशा कितीतरी घटना त्या नोंदींत येतच नाहीत.

ही उणीव लॉगबुकातून, म्हणजे विमानाच्या उड्डाणतासांच्या व देखभालीच्या नोंदवहीतून, भरून काढावी लागते. इंजिनाचा पंखा जमिनीला आपटला की इंजिनालाही धक्का बसतो; म्हणून हा पंखा अचानक बदललेला आहे, पण इंजिन उघडून तपासल्याची नोंद नाही, असे दिसल्यास विक्रेत्याकडे स्पष्टीकरण मागावे. जुनी लॉगबुके ‘हरवली’ असे सर्रास सांगितले जाते. मग एकूण उड्डाणतासांचा आकडा केवळ अंदाज समजावा. उड्डाणयोग्यता आदेशांची, म्हणजे एफएएने सुरक्षिततेसाठी बंधनकारक केलेल्या तपासण्या व दुरुस्त्यांची, पूर्तताही येथेच तपासावी. पायपरच्या पंखांना आधार देणारे स्ट्रट (तिरपे दांडे) आतून गंजतात, त्यासाठीचा आदेश २०१५-०८-०४ पाळला गेला आहे का, आणि ठरावीक काळाने तपासणी होते की बंदिस्त प्रकारचे नवे स्ट्रट बसवले आहेत, हे नोंदीतून स्पष्ट व्हायला हवे.

शेवटी या सर्व कागदांच्या प्रती विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकच्या हाती द्याव्यात आणि सेस्ना १४० असल्यास, चाकांचे पाय जेथे सांगाड्याला जोडलेले असतात तेथील पत्रे व रिव्हेट फॉर्म ३३७ समोर ठेवून तपासायला सांगावेत. कागदावर नसलेले ठिगळ तेथे आढळले, तर ते कोणी, केव्हा आणि कशासाठी लावले याचा लेखी खुलासा मिळेपर्यंत व्यवहार थांबवावा.