घरचं गावरान बी कसं धरायचं

जून आला की कृषी केंद्रापुढे रांगा लागतात, पण आपल्याच गावचा वाल, घेवडा, डांगर (लाल भोपळा) यांचं बी मागायला गेलं तर दहा घरं फिरावी लागतात. हे बदलायचं असेल तर परसातल्या वेलांपासून सुरू करा, सगळं शेत एकदम नको.

बी शेतातच निवडायचं, घरी आणल्यावर नाही. आपल्याकडे उलटंच चालतं, चांगल्या शेंगा भाजीला आणि शेवटच्या बारक्या, किडक्या बियाला, मग वाण खालावणारच ना. वाल भरात असतानाच फिरून बघा, ज्याच्यावर रोग नाही, शेंगा घोसाने लागल्यात आणि पावसाने ओढ दिली तरी जो तग धरून राहिला त्या वेलाला चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की याची शेंग तोडायची नाही. एकाच वेलावर थांबू नका, आठ-दहा वेलांचं बी एकत्र करा. हायब्रीडचं बी धरू नका, पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत.

डांगराचं काम जरा किचकट आहे कारण मधमाश्या शेजारच्या वाणाचे परागकण आणतात. उद्या उमलणारं मादी फूल, म्हणजे ज्याच्या खाली बारकं फळ दिसतं ते, आणि त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरचं नर फूल, दोन्ही संध्याकाळीच दोऱ्याने बांधा, सकाळी सोडून नर फूल मादीवर घासा आणि मादी फूल परत बांधून फळाला खूण करा.

शेंगा वेलावरच वाळू द्या. बी दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे, दबलं तर अजून ओल आहे. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर अजिबात टाकू नका. मग मडक्यात चाळलेल्या थंड राखेचा थर, बियाचा थर, परत राख असं भरून तोंड शेणमातीने लिंपा. बी पोखरणारा भुंगा बऱ्याचदा शेतातूनच शेंगेवर अंडी घेऊन येतो, राखेमुळे दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि त्याला हालचाल करता येत नाही. मडक्यावर वाणाचं नाव आणि महिना लिहाच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी जपलं, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलसर ठेवा, ७० च्या वर उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा, कमी निघाले तर बी वाढवा.

आणि बी वाटायला घाबरू नका, २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. दोन-तीन घरी सवाईने, म्हणजे परत घेताना सव्वापट घ्यायच्या बोलीवर, द्या, म्हणजे एखाद्या वर्षी तुमचं मडकं किडलं तरी वाण गावात राहील.