कपाशीतला कामगंध सापळा: नर पतंग कशाने येतो, कशाने माघारी फिरतो

कपाशीला पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागायच्या सुमारास खानदेशातल्या कृषी केंद्रांबाहेर कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने बोंडअळीच्या नर पतंगांना ओढणारे सापळे, टांगलेले दिसतात. बरेच जण ते नेतात, काठीला बांधतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. असा सापळा लावून काही हाती लागत नाही. बोंडअळी संपवायला तो एकटा पुरत नाही, पण पतंग शेतात कधी उतरले हे बोंड किडायच्या आधी सांगणारं याहून स्वस्त साधन आपल्याकडे नाही. ते नीट वापरायचं तर आधी त्यामागचा गंध समजून घेऊ.

गुलाबी बोंडअळीची मादी रात्री उशिरा पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून गंध सोडते. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही, नराच्या मिशांना मात्र त्याचे मोजके कण पुरतात. गंध लागला की नर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघतो. मध्येच तो सुटला तर आडव्या घिरट्या घालून पुन्हा शोधतो. पतंगाचा असा गंध पहिल्यांदा ओळखला तो जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी, 1959 मध्ये. त्यासाठी रेशीमकिड्याचे सुमारे 5 लाख पतंग लागले होते. गुलाबी बोंडअळीचा गंध 1973 मध्ये उलगडला. त्याला गॉसिप्लुअर म्हणतात. एकमेकांशी अगदी मिळत्याजुळत्या दोन रसायनांचं ते जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण आहे. सापळ्यातल्या ल्युरमध्ये, म्हणजे गंधाच्या आमिषात, तेच कारखान्यात तयार करून भरलेलं असतं.

नर गंधाने जसा येतो तसाच गंधाने फिरूनही जातो. कपाशीवरची हिरवी बोंडअळी, म्हणजेच हरभऱ्यावरची घाटेअळी, हिचं उदाहरण घ्या. तिच्या मादीच्या गंधात दोन रसायनं मुख्य, साधारण 97 ला 3 या प्रमाणात. पण जी मादी अजून वयात आलेली नाही, तिच्याकडे हेक्झाडेसेनॉल हे तिसरं रसायन असतं आणि त्याचा वास लागला की नर दूर राहतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हे पुढे आलं. अंडीच तयार नसतील तर मिलन वाया जाणार, ते या एका रसायनाने टळतं. मला हे फार विलक्षण वाटतं. आणि शेतकऱ्याने यातून घ्यायची गोष्ट सरळ आहे: ल्युरमध्ये किंवा ल्युरवर भलतं काही मिसळलं तर नर सापळ्याजवळ येऊनही आत शिरणार नाही.

म्हणून ल्युर घेताना कीड कोणती ते पाकिटावर वाचून घ्या. गुलाबी बोंडअळीची, हिरव्या बोंडअळीची आणि मक्यावरच्या लष्करी अळीची ल्युर वेगवेगळी असते. एका सापळ्यात दोन किडींच्या ल्युर बसवू नका. फवारणी करून आलेल्या किंवा तंबाखू मळलेल्या हातांनी ल्युर धरू नका. हात साबणाने धुवा किंवा पाकिटाच्याच कागदात धरून ती बसवा. एका किडीची ल्युर बसवून मग त्याच हातांनी दुसरीची उघडणं तर टाळाच. न उघडलेली पाकिटं थंड जागी ठेवा, फवारणीच्या औषधांशेजारी नको.

सापळे पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी लावा. नुसत्या पाहणीसाठी एकरी 2 पुरतात. नर गोळा करायचे असतील तर एकरी 8 लावतात. सापळा पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर, फूटभर उंचीवर राहील असा बांधा आणि कपाशी वाढेल तसा वर सरकवा. ठिबकवरची कपाशी भराभर वाढते, तेव्हा हे काम दर आठवड्याला करावं लागतं. शेंड्याखाली बुडालेला सापळा जवळजवळ बंदच समजा, कारण पानांत वारा अडतो आणि गंध पुढे जात नाही. सापळे अगदी बांधावर नकोत, शेतात आत लावा आणि एकमेकांपासून लांब ठेवा. जिनिंगजवळ, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याजवळ, शेत असेल तर त्या बाजूच्या सापळ्यावर जास्त लक्ष ठेवा, कारण कच्च्या कापसात आणि सरकीत दडलेल्या अळ्यांचे पतंग तिथून निघतात.

आता मोजणी. खरं काम इथेच आहे. रोज सकाळी सापळा उघडा, पतंग मोजा, वहीत लिहा आणि सापळा रिकामा करा. गुलाबी बोंडअळीचा पतंग लहान, करड्या-तपकिरी रंगाचा असतो, पुढच्या पंखांवर गडद डाग दिसतात. दुसरे किडे मोजू नका. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. मात्र फवारणी ठरवण्याआधी एकरातून 20 हिरवी बोंडं तोडून फोडून पाहा. दोनांत अळी किंवा किडीची खूण मिळाली म्हणजे 10 टक्के झाले, फवारणीची वेळ आली. फुलांच्या दिवसांत पाकळ्या गुंडाळलेल्या डोमकळ्या शोधा, अळीसकट तोडून नष्ट करा. औषध कोणतं, किती, हे पाल, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्या.

सापळ्यात फक्त नर येतात, हे विसरू नका. एक नर अनेक माद्यांशी जुळतो, त्यामुळे थोडे नर उरले तरी अंडी घातली जातात. ल्युर पाकिटावरच्या मुदतीत, साधारण 3-4 आठवड्यांनी, बदला. जुनी ल्युर तिथेच मातीत टाकू नका. तिच्यात उरलेला गंध नराला सापळ्यापासून दूर ओढत राहतो.

हाच गंध उलट बाजूनेही वापरता येतो. पीबी नॉट नावाच्या गंध भरलेल्या दोऱ्या एकरी 160 झाडांना बांधल्या की सगळ्या शेतात गंध दाटतो आणि नराला खरी मादी सापडत नाही. अशा शेतात सापळे रिकामे राहतात. ते पाहून निर्धास्त होऊ नका, बोंडं फोडून पाहणं चालूच ठेवा, कारण शेजारच्या शेतात जुळलेली मादी उडत येऊन तुमच्या बोंडावर अंडी घालते. त्यामुळे एकट्या दोन एकरांत या दोऱ्या बांधण्यापेक्षा शिवारातल्या लागून असलेल्या शेतांनी मिळून बांधणं फायद्याचं. अमेरिकेने 2018 मध्ये गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी कपाशी (बोंडअळीला मारक जनुक घातलेलं वाण), शेतात सोडलेले वंध्य पतंग आणि गंधाच्या या वापराची जोड होती, आणि मोहीम सगळ्या भागात एकत्र चालली.

डिसेंबरअखेर फरदड न धरता, म्हणजे पुढच्या वेचणीसाठी पीक न लांबवता, पऱ्हाट्या (कपाशीची उभी झाडं) उपटा, न उमललेली किडकी बोंडं वेचून नष्ट करा. काढलेले सापळे धुऊन सावलीत वाळवा आणि कोणत्या सापळ्यात कोणत्या किडीची ल्युर होती ते त्यावर लिहून ठेवा. पुढच्या हंगामात त्यात तीच ल्युर बसवा.